एका माउसवर चार बोटं

चार माणसांनी सहा वर्षं दर रविवारी एकाच खोलीत बसून खून, दरोडे आणि जाळपोळ केली, तर किस्से साठणारच. आम्ही केली. कॉम्प्युटरवर केली म्हणून अजून बाहेर आहोत, एवढंच! हे किस्से कुणाला सांगायला जावं तर लोक आधी वय विचारतात. माझं बेचाळीस. विचारून झालं असेल तर पुढं सांगतो.

आधी गँग सांगतो. मी मच्छे गावातल्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर, म्हणजे दुसऱ्यांनी केलेला माल दिवसभर रिजेक्ट करायचा. घरीही मी तेच करतो, असं बायकोचं मत. भरमू माझ्याच कारखान्यात मशीनवर. गाव खानापूरकडं, अंगानं दांडगा, एकेक बोट केळ्याएवढं. सुजाताचं औषधांचं दुकान आहे, पण तिच्या जिभेवर औषध नाही. आणि चौथा महादेव, कॅम्प भागातल्या एका शाळेत गणिताचा मास्तर. जमायचो ते त्याच्याच घरी.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत कॉटवर त्याची आई. आम्ही सगळेच तिला आक्का म्हणतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं चाळणी मारली, पोराला मास्तर केलं आणि फुफ्फुसं घालवून बसली. कॉटशेजारी ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास घुं घुं करत असायचं. इन्व्हर्टरचा सॉकेट फक्त त्याच खोलीत, म्हणून कॉम्प्युटरही तिथंच. म्हणजे आमच्या प्रत्येक गुन्ह्याला साक्षीदार हजर, तीही नाकात नळी घालून!

*

गेम जादूटोण्याचा. किल्ले, जंगलं, राक्षस, चेटकिणी. आमची चार कॅरेक्टर्स एक टोळी करून त्यात हिंडायची, आणि कुणी भेटलं की स्क्रीनवर ऑप्शन यायचे: मदत करा, खोटं बोला, ठार मारा. माउस एकच, पाळीपाळीनं फिरायचा.

पहिल्यांदा आम्ही सज्जन म्हणून खेळलो. सज्जन माणसाला त्या जगात काय काम असतं? कुणाची हरवलेली कोंबडी शोध, कुणाचं पत्र पोचव, कुणाच्या विहिरीतला बेडूक काढ. तिसऱ्या रविवारी भरमूनं माउस टाकला.

"कंपनीत आठवडाभर हेच करायलोय. सायब सांगंल ते आण, सायब सांगंल तितं ठेव. हितं येऊनबी त्येच व्हय?"

झालं, आम्ही दुष्ट व्हायचं ठरवलं. मी मारेकरी झालो, सुजाता विषं करणारी, भरमू चोर. महादेवानं सगळ्यात काळा मांत्रिक निवडला आणि पहिल्याच गावाच्या वेशीवर, कुणी काही बोलायच्या आत, गाव पेटवलं! आम्ही बघतच राहिलो. एवढा मऊ माणूस! वर्गात पोरांनी दंगा केला तर हा त्यांना 'प्लीज' म्हणतो.

त्या दिवशी तो लंगडत होता. पायाला काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, चप्पल नवी आहे. पाय आठ नंबरचा, चप्पल सात नंबरची!

"आरं मग घेतलास कशाला?"

"दुकानदार म्हणाला, वापरून सैल हुत्या. मग मी व्हय म्हणालो."

ती चप्पल त्यानं दोन वर्षं घातली.

*

दुष्टपणा वाटतो तेवढा सोपा नाही. त्या गेममध्ये टोळीबरोबर एक पाचवी असते, राक्षसाची मुलगी. तिला गेमच चालवतो. तुम्ही दुष्टपणा केला की तिची मर्जी वाढते, आणि मर्जी पुरेशी वाढली की ती तुम्हाला किल्ल्याची चोरवाट दाखवते. आम्ही चार महिने खपून तिची मर्जी टिपेला नेली होती. एक अनाथाश्रम विकला, एक पूल मोडला, एका राजाला त्याच्याच भावाकरवी मारलं. आता चोरवाट एका वळणापलीकडं.

माउस भरमूकडं होता. वाटेत एक लंगडं कुत्रं दिसलं. भरमूनं त्याला भाकरी घातली.

राक्षसाची मुलगी तिथल्या तिथं टोळी सोडून गेली!

सुजातानं रागानं कीबोर्डच उचलला. महादेव केस धरून बसला. मी विचारलं, "भरम्या, चार म्हैन्याचं पाप कुत्र्यावर घालवलास?"

"अण्णा," भरमू मान खाली घालून म्हणाला, "बघायलतं ओ माझ्याकडं."

कॉटवर आक्का पोट धरून हसत होती. हसता हसता तिला ढास लागली, ओठ निळे पडले. महादेवानं तिला उठवून बसवलं, पाठ चोळली, मशीनचा आकडा वाढवला. दहा मिनिटांनी श्वास जाग्यावर आला, तेव्हा ती पहिलं काय म्हणाली?

"कुत्रं जगलं न्हवं?"

*

आता डागाचा किस्सा. त्या गेममध्ये निरपराध माणसाला मारलं की मारणाऱ्याच्या कपाळावर डाग उठतो. टोळीवर नाही, ज्याच्या हातून क्लिक झालं फक्त त्याच्या कॅरेक्टरवर. मग दुकानदार त्याला माल देत नाहीत, वैद्य औषध देत नाहीत, पोरं दगड मारतात. आणि तो डाग कशानंही जात नाही.

आम्हाला एका नदीपलीकडं जायचं होतं. नाव एका म्हातारीची. तिला नदीत ढकललं तर नावही मिळणार आणि नदीतली चेटकीण वर शक्तीही देणार. ढकलायला सगळे तयार! क्लिक करायला कुणी तयार नाही! माउस टेबलावर मधोमध पडला, आणि चार घोड्याएवढी माणसं त्याच्याकडं हात मागं घेऊन बघत बसलो. सुजाता म्हणाली महादेवानं करावं, तो काळाच आहे. महादेव म्हणाला इन्स्पेक्टरनं करावं, त्याला सवय आहे. मी म्हणालो, तोंड सांभाळून बोल. खरोखरच भांडण लागलं.

"म्हातारीनं काय केलंय तुमचं?" आक्कानं कॉटवरून विचारलं.

भरमूनं माउस आणखी लांब सरकवला, तशी ती पुढं म्हणाली,

"मारायचंच आसंल तर सगळ्यांनी हात लावा. एकट्यावर टाकू नगासा."

मग तिनं वखारीतलं सांगितलं. दम लागत होता म्हणून तुकड्यातुकड्यांनी. एकदा चाळून ठेवलेल्या तंबाखूच्या ढिगावर पाण्याची भरलेली घागर लवंडली. सगळा माल भिजला. दिवाणजी धावत आला, "घागर कुणी लवंडली?" ज्या बाईचं नाव पुढं येईल ती त्याच दिवशी वखारीबाहेर, हे सगळ्यांना ठाऊक. चाळायला बसलेल्या वीस बायका. वीसही जणींनी एकच सांगितलं, "आमी सगळ्यांनी."

"येक घागर वीस जणींनी मिळून लवंडली?"

"व्हय."

एकीला काढता येतं. वीस जणींना काढलं तर चाळणार कोण? दिवाणजी शिव्या देत निघून गेला.

सुजातानं पुढं सरकून विचारलं, "आक्का, खरं सांगा. कुणी लवंडलीती?"

आक्का तिच्याकडं बघून म्हणाली, "आमी सगळ्यांनी!"

त्या रविवारी महादेवाचं कॅरेक्टर पुढं केलं आणि एका माउसवर चार बोटं ठेवून आम्ही म्हातारीला नदीत ढकललं. सुजातानं निघताना शंका काढलीच, "आक्का, डाग शेवटी महादेवाच्याच कॅरेक्टरवर बसलाय बगा."

"कॅम्पुटरचं ऱ्हाऊ दे. घरी जाताना तुमच्यातलं कोण येकटं गेलं काय, त्ये बघा."

तेव्हापासून तो आमचा कायदाच झाला. मोठं पाप आलं की कुणीतरी म्हणायचं, "बोटं लावा रं!" माउस एवढासा, त्यात भरमूचं बोट. दोन माउस मोडले.

*

हा किस्सा मी सहसा सांगत नाही, पण आज सांगतो.

एका रविवारी दुपारी लाइट गेली. तसं झालं की इन्व्हर्टर चालू व्हायचा आणि आमचा नियम ठरलेला होता: आधी कॉम्प्युटर बंद, बॅटरी फक्त आक्काच्या मशीनला. त्या दिवशी आम्ही एका ड्रॅगनशी तीन तास लढत होतो. तो मरायला टेकला होता. लढाई चालू असताना गेम सेव्ह होत नाही, तसा नियमच आहे.

"एक मिनिट," महादेव म्हणाला. "फक्त एकच मिनिट."

आम्ही कुणीच नको म्हणालो नाही. माझाही जीव त्या ड्रॅगनमध्ये अडकला होता, खोटं कशाला सांगू? बॅटरी जुनी झालेली. मिनिट व्हायच्या आत तिनं टूं केलं आणि सगळंच बंद पडलं. स्क्रीन गेला, घुं घुं थांबलं. खोलीत आक्काच्या छातीची शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

बाजूला मोठा सिलिंडर होता, भरमूनं तो एका हातानं ओढून आणला, सुजातानं नळी जोडली. महादेव कॉम्प्युटरपुढंच बसून राहिला.  आक्काचा श्वास पुन्हा लागायला पाऊण तास गेला, आणि तोवर कुणी कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटलेली नाही.

महादेव रडायला लागला. "आक्का, माझ्यामुळं झालं. मी केलं."

आक्काला बोलता येत नव्हतं. तिनं हाताचा पंजा उघडून आम्हा चौघांवरून फिरवला.

पुढच्या रविवारी नवी बॅटरी आली. आम्ही दोन महिने गेम उघडला नाही.

*

त्यानंतरच्या हिवाळ्यात आक्का हॉस्पिटलात गेली. घशात नळी घालून तिला अकरा दिवस व्हेंटिलेटरवर ठेवलं. नळी ओढू नये म्हणून हात कॉटच्या दांड्यांना बांधलेले. ते करावं लागतं, सुजातानं आम्हाला समजावलं. वाचली म्हातारी. सगळे म्हणाले, नशीब.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी तिनं गेम लावू दिला नाही. चौघांना समोर बसवलं. आवाज नळीनं फाटलेला.

"हात बांधलंतं माझं. नाकावर माशी बसली तरी हाकलाय येत न्हवतं. म्हादू, परत नळी घालू नगं. घरात मरू दे मला. हितं, तुमी दंगा करायलाय तितं."

"व्हय आक्का," महादेव म्हणाला.

मला त्याचं 'व्हय' माहीत होतं. चप्पलवाल्यालाही तो तेच म्हणाला होता. बाहेर आल्यावर मी सुजाताला म्हणालो, "हा ऐन वेळी पाय मागं घेणार."

"गप," ती म्हणाली. तिलाही तेच वाटत होतं.

*

गेम यंदा शेवटापर्यंत आला. शेवटी काळ्या सिंहासनापुढं एक दरवाजा लागतो. तो उघडायला टोळीतल्या एकाला कायमचं द्यावं लागतं. माणूस निवडायचा, क्लिक करायचं, तो गेला. आजवर गावंच्या गावं पेटवणारा महादेव त्या दरवाजापुढं वीस मिनिटं बसला.

"मला घाल की आत," भरमू म्हणाला. "तसंबी कुत्र्यापासनं तुमी मला माणसात धरत न्हाईसा."

महादेव हसला नाही. "पुढच्या रविवारी बघू," म्हणाला, आणि त्यानं सेव्ह करून बंद केलं. कॉटवर आक्का उशाला टेकून, डोळे मिटून बसली होती. दोन दिवसांपासून तिला आडवं होता येत नव्हतं.

*

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही चौघं जमलो ते आयसीयूत. रात्री आक्काचा दम वाढला तसं महादेवानं तिला इथं आणलं होतं. एरवी एका वेळी एकालाच आत सोडतात, पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, सगळे मिळून विचार करा. आक्काच्या तोंडावर घट्ट मास्क, बोटाला क्लिप, वर स्क्रीनवर आकडे. शुद्ध पूर्ण होती. डोळे आमच्यावरच होते.

डॉक्टर भला माणूस. त्यानं सरळ सांगितलं, "मास्क पुरेना झालाय. आता नळी घालावी लागेल. या वेळी ती निघेलच असं मी म्हणू शकत नाही. नको असेल तर घरी न्या, ऑक्सिजन घरी आहेच. पण तशी मुलाची सही लागेल. अर्ध्या तासात ठरवा."

सिस्टरनं कागद आणून आक्काच्या कॉटवर, तिच्या हाताजवळ ठेवला. 'आमच्या जबाबदारीवर पेशंटला घरी नेत आहोत', असा मजकूर. महादेव स्टुलावर बसला आणि त्यानं पेन उघडलं. तेवढ्यात बोरगावहून त्याच्या मामाचा फोन आला. त्याचा आवाज फोनबाहेर येत होता.

"पोटचा पोरगा असून आईला मारायलास व्हय रं? सही कर, आणि आयुष्यभर कपाळाला लावून हिंड!"

महादेवानं फोन ठेवला. पेन कागदावर टेकवलं, उचललं. परत टेकवलं. दहा मिनिटं झाली. आक्का मास्कमधून त्याच्याकडं बघत होती, मध्येच एकदा तिनं मान हलवली, घराकडं चल म्हणून. त्यानं बघितलं नाही.

"मी सही केली म्हंजे मी मारलं," तो कागदाला सांगत होता. "मीच मारलं. नळीच घालू दे. घालू दे त्यास्नी नळी."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याला धरून रडावंसंही वाटलं. बत्तीस वर्षांच्या माणसाच्या गळ्यातून ढेकळं फुटल्यासारखा आवाज येत होता.

भरमू पुढं झाला. ड्यूटीवरून तसाच आलेला, हाताला कटिंग ऑइलचा वास. त्यानं महादेवाच्या हातातल्या पेनावर आपलं बोट ठेवलं.

मग सुजातानं ठेवलं. मग मी ठेवलं. त्या बारीक पेनावर जागा नव्हती, माझं बोट भरमूच्या नखावर बसलं.

"अहो, हे काय?" सिस्टर म्हणाली. "सही एकाचीच लागते."

"व्हय," सुजाता म्हणाली. "येकाचीच करायलोय."

पेन हललं नाही.  सिस्टर मान हलवून दुसऱ्या पेशंटकडं गेली.

तेव्हा आक्कानं अंगठ्यानं बोटावरची क्लिप ढकलली. एकदा निसटली नाही, दुसऱ्यांदा निघाली. तिनं हात चादरीवरून सरकवत आणला आणि ते मोकळं बोट वर करून आमच्या बोटांवर ठेवलं. गार होतं. चाळणी मारून वाकडं झालेलं पेर अजून तसंच होतं.

पेन चाललं. 'म' आला, मग 'हा'.

वर स्क्रीनवरचे आकडे गेले आणि मशीन ओरडायला लागलं. सिस्टर धावत आली. "क्लिप कुणी काढली?"

"आमी सगळ्यांनी," महादेव म्हणाला.